सिंगल माल्ट स्कॉच: चवीतला फरक नेमका कशाचा आणि पैसे कुठे घालावेत? (इंदूर)

रामबागकर

सहा जणांत वर्गणी काढून तीन बाटल्या घ्यायच्या आहेत, हिवाळ्यातल्या बैठकींसाठी. सगळे नीट (काही न मिसळता) किंवा थोड्या पाण्याबरोबर घेणारे आहेत, सोडा-कोला नाही. दोघांना धुराची चव सोसत नाही, बाकीच्यांना तीच हवी आहे. यादीत सध्या ग्लेनफिडिक १२, ग्लेनलिव्हेट १८, बॅल्व्हेनी १२ डबलवुड, मॅकॅलन १२, टॅलिस्कर १० आणि लागावुलिन १६ आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. १२ वर्षांच्या बाटलीवरून १८ वर गेलं की पैसे दुपटीच्या वर जातात, तेवढं काही हाती लागतं का? त्याच बाटलीचा भाव दोन दुकानांत वेगळा का असतो? आणि तिन्ही बाटल्या एका संध्याकाळी शेजारी ठेवून चाखायच्या तर घरी ते नीट कसं करायचं? 'आवडीवर आहे' हे उत्तर नको, कारणं हवीत.

माळवी_हवा

आधी कायद्याने काय बांधलेलं आहे ते बघा, म्हणजे लेबलावरच्या कुठल्या शब्दाला वजन आहे ते कळेल. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात, काढलेली व्हिस्की. 'सिंगल' डिस्टिलरीला लागतं, पिंपाला नाही. एका बाटलीत शेकडो पिंपांचं मिश्रण असू शकतं. स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं, आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. वरून घालायची परवानगी फक्त पाण्याला आणि रंगासाठी साध्या कॅरॅमलला. २००९ च्या नियमावलीत हे सगळं आहे. तेव्हा काळपट सोनेरी रंग बघून 'जुनी दिसते' असं ठरवू नका. तो रंग कॅरॅमलचाही असू शकतो.

वयाचा आकडा मिश्रणातल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचा असतो. १२ लिहिलंय तर त्यात १५ वर्षांचीही असेल, पण ११ ची एक थेंबही नाही.

आता तुमच्या यादीबद्दल माझं स्पष्ट मत: वयाऐवजी पिंप आणि अल्कोहोलचे टक्के बघून निवडा. लेबलावर 'रिझर्व्ह', 'रेअर', 'सिलेक्ट', 'लेगसी' असलं काही छापलेलं असेल तर त्याला कायद्याने काही अर्थ नाही.

चवीचा मोठा वाटा पिंपातून येतो. बरबनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) पिंप अमेरिकन ओकचं, साधारण २०० लिटरचं, आतून जाळलेलं. त्यातून व्हॅनिला, ओल्या नारळाची गोडी, मध. शेरीचं, म्हणजे स्पॅनिश वाइनचं, बट (मोठं पिंप) ५०० लिटरचं. त्यातून मनुका, खजूर, अक्रोडाची साल, संत्र्याची सुकी साल, जायफळ. बरबन बनवणाऱ्यांना कायद्याने पिंप नवंच लागतं, म्हणून त्यांची वापरलेली पिंपं मुबलक मिळतात आणि स्वस्त पडतात. शेरीचं तसं नाही. पूर्वी स्पेनहून शेरी पिंपातून ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळायची. १९८० च्या दशकात ते बंद झालं. आज बहुतेक पिंपं मुद्दाम बनवून, त्यात एक-दोन वर्षं शेरी भरून ठेवून, मग स्कॉटलंडला पाठवतात. त्यामुळे एक शेरी पिंप बरबनच्या पिंपापेक्षा कितीतरी पट महाग पडतं. मॅकॅलन, ग्लेनड्रोनक, ग्लेनफार्क्लस महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पाताळपाणी

वरच्यात बाष्पीभवनाची भर घालतो, कारण १८ वर्षांचा भाव त्याशिवाय समजणार नाही. स्कॉटलंडच्या थंड गोदामात दर वर्षी साधारण २ टक्के उडून जातं. २०० लिटरचं पिंप धरलं तर १२ वर्षांनी सुमारे १५७ लिटर उरतात आणि १८ वर्षांनी सुमारे १३९. म्हणजे मधल्या सहा वर्षांत नुसता माल १८ लिटर घटला, शिवाय पैसा तेवढी वर्षं अडकून पडला. खर्चवाढ खरीच आहे, पण एवढ्याने दुप्पट भाव होत नाही. वरचा भाग मागणीचा आणि नावाचा. मॅकॅलनची १९२६ ची एक बाटली २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात २० लाख पौंडांच्या वर गेली. ही संग्राहकांची बाजारपेठ खालच्या १२ वर्षांच्या बाटलीलाही वर ओढते. तो पैसा जिभेला लागत नाही.

चवीचं म्हणाल तर १८ मध्ये टोकं घासली जातात, घशाला झणका कमी बसतो, लाकडाचा तुरटपणा आणि सुक्या फळांचा गोडवा वाढतो. पण डिस्टिलरीची स्वतःची फळांची ताजी चव मागे जाते. ग्लेनलिव्हेट १२ मध्ये अननस आणि फुलांचा वास समोर असतो, १८ मध्ये तो संत्र्याच्या पाकाकडे आणि लाकडाकडे वळतो. ज्याला ते फळच आवडतं त्याने १८ घेऊन जास्त पैसे देऊन कमी आवडतं घेतलं, असंही होतं.

धुराच्या माल्टचा प्रकार उलटाच. वयाबरोबर धूर मंद होतो. धुरासाठीच घेताय तर १० वर्षांची आर्डबेग किंवा लाफ्रॉइग जास्त देईल, आणि साधारण कमी पैशांत.

सुदामानगर_रात्र

भावाचं मी सांगतो.

सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. २३ नोव्हेंबर २०१२ पासून हा नियम आहे. म्हणून टीचर्स किंवा ब्लॅक डॉगसारखी ती टँकरने आणून इथे भरता येत नाही. पूर्ण बाटलीवर आयात शुल्क बसतं, २०२५ मध्ये ते १५० टक्के होतं. हे शुल्क एमआरपीवर नसून जहाजातून उतरताना असलेल्या किमतीवर आहे, आणि इथेच लोक गल्लत करतात.

समजा उतरतानाची किंमत १००० रुपये. १५० टक्क्यांनी ती २५०० झाली. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात शुल्क आधी ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. ७५ टक्क्यांवर तीच बाटली १७५० ला उतरेल, ४० टक्क्यांवर १४०० ला. पण त्यावर राज्याचं अबकारी शुल्क, व्हॅट, आयातदार, घाऊक आणि दुकानदार यांचे थर आहेतच. दारू जीएसटीत नाही. तेव्हा शुल्क निम्म्यावर आलं म्हणून दुकानातला भाव निम्मा होणार, असं धरून खरेदी थांबवू नका.

इंदुरात दोन दुकानांत भाव वेगळा, त्याचं कारण मध्य प्रदेशात प्रत्येक बाटलीला एमआरपी (कमाल भाव) आणि एमएसपी (किमान विक्रीभाव) अशा दोन मर्यादा ठरवतात. ठेकेदाराला त्या दोन्हींच्या मधे कुठेही विकता येतं. सावकाश खपणाऱ्या महाग माल्टवर तो खाली यायला तयार असतो, विशेषतः मार्चमध्ये, कारण अबकारी वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ठेका बदलणार असेल तर त्याला माल काढायचा असतो. म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन-तीन दुकानं फिरा, भाव विचारा, पक्कं बिल मागा. एमआरपीच्या वर एक रुपयाही देऊ नका. १ एप्रिलनंतर नवा दर येतो, जुन्या भावाची आठवण काढून वाद घालण्यात अर्थ नाही.

रामबागकर

आभार. मग वेगवेगळ्या मापाच्या आणि टक्क्यांच्या बाटल्यांची तुलना कशी करायची? एक ७५० मिलीची ४० टक्के, दुसरी ७०० मिलीची ४६, तिसरी ६० टक्क्यांची असं समोर येतं.

पाताळपाणी

शुद्ध अल्कोहोलवर आणा. हिशोबासाठी मानलेले भाव घेतो, तुम्ही बिलावरचे भरा.

पहिली: ७५० मिली, ४० टक्के, ६००० रुपये. अल्कोहोल ३०० मिली, म्हणजे मिलीला २० रुपये.
दुसरी: ७०० मिली, ४६ टक्के, ६००० रुपये. अल्कोहोल ३२२ मिली, मिलीला १८ रुपये ६३ पैसे.
तिसरी: ७०० मिली, ६० टक्के, ९५०० रुपये. अल्कोहोल ४२० मिली, मिलीला २२ रुपये ६२ पैसे.

आता तिन्ही ४० टक्क्यांवर आणल्या असं धरून ३० मिलीचा पेग मोजा. पहिलीचे २५ पेग, पेगला २४० रुपये. दुसरी पाण्याने ८०५ मिली होते, पेगला साधारण २२४. तिसरी १०५० मिली होते, म्हणजे ३५ पेग, पेगला २७१. शेल्फवर ती दीडपटीहून महाग दिसत होती, ग्लासात फक्त आठवा हिस्सा जास्त पडली. शिवाय पाणी किती घालायचं हे तुमच्या हातात राहिलं.

४६ टक्क्यांचं आणखी एक महत्त्व आहे. त्याखालच्या बाटल्या बहुधा थंड करून गाळलेल्या असतात. का, तर कमी अल्कोहोलात फॅटी ॲसिडची एस्टरं थंडीत गोठून व्हिस्की ढगाळ दिसते आणि गिऱ्हाईक परत आणतं. गाळताना तेलकट, जिभेवर रेंगाळणारा भागही थोडा जातो. लेबलावर 'नॉन चिल फिल्टर्ड' असेल आणि डिसेंबरच्या रात्री पाणी घातल्यावर ग्लास धुरकट झाला, तर ती बाटली खराब नाही. तसंच असायला हवं.

जुनी_इंदूरवाली

नमस्कार. रामबागकर, तुमच्या यादीतल्या बाटल्यांचं चवीपुरतं सांगते, आणि एक-दोन सुचवते.

ग्लेनफिडिक १२: नाशपाती, हिरवं सफरचंद, हलकी. वास छान, पण जिभेवर पातळ, शेवट लवकर संपतो. नव्या माणसाला चांगली, पण सहा जाणकारांच्या बैठकीत दुसऱ्या ग्लासाला विस्मरणात जाते.

बॅल्व्हेनी १२ डबलवुड: आधी बरबन, मग शेरीच्या पिंपात साधारण ९ महिने. मध, मनुका, दालचिनी. नारळीपाकाच्या लाडवाला जो पाकाचा वास येतो त्याच्या जवळचं काहीतरी यात आहे. ४० टक्क्यांवर येते हे तिचं उणं. तरीही शेरीची ओळख करून घ्यायची तर मॅकॅलनपेक्षा आधी ही.

मॅकॅलन १२: यात शेरी ओक आणि डबल कास्क अशा वेगवेगळ्या बाटल्या आहेत, लेबल वाचून घ्या. शेरी ओक म्हणजे सगळी शेरी पिंपं. सुका मेवा, संत्रं, जायफळ, सुंठ. सुरेख आहे, पण त्याच चवीच्या वाटेवर ग्लेनड्रोनक १२ उभी आहे, ४३ टक्के, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ या दोन्ही शेरींची पिंपं. खजुराचा गर, काळी मनुका, कडसर चॉकलेट. मिळाली तर मी डोळे मिटून हीच घेईन, पैसेही कमी लागतात.

टॅलिस्कर १०: ४५.८ टक्के. स्काय बेटावरची. खारा वारा, मध्यम धूर, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागावर कुटलेली काळी मिरी. तो मिरीचा चटका खरोखर ओळखू येतो, चुकत नाही. तिथे वाफ थंड करायला जुन्या पद्धतीचे वर्म टब आहेत, म्हणजे पाण्याच्या मोठ्या टाकीत गुंडाळलेली तांब्याची नळी. त्यात वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, गंधकाचे अंश कमी धुतले जातात आणि व्हिस्की जड, मांसल होते. ग्लेनमोरांजी याच्या दुसऱ्या टोकाला. तिथले स्टिल स्कॉटलंडमध्ये सगळ्यात उंच, गळाच पाच मीटरच्या वर. जड वाफ वर चढता चढता परत खाली पडते, हलकीच पलीकडे जाते. म्हणून तिला तो संत्र्याच्या सालीचा नाजूकपणा.

लागावुलिन १६: ४३ टक्के. चुलीतला ओला लाकडी धूर, जळका गूळ, समुद्र. हिच्यावर खर्च करायला माझी हरकत नाही, कारण १६ वर्षांनंतरही धूर टिकलेला आणि बरोबरीने गोडवा आलेला, हा तोल दुसरीकडे सहज सापडत नाही.

धुराला घाबरणाऱ्या दोघांसाठी हायलंड पार्क १२ बघा. ऑर्कने बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, तिथला पीट, म्हणजे धुरासाठी जव वाळवताना जाळतात ती दलदलीतली माती, हेदरच्या झुडपांचा आणि गवताचा. त्यामुळे धूर औषधी न लागता फुलांचा, मधाळ लागतो. आयला बेटावरच्या (लागावुलिन, लाफ्रॉइग, आर्डबेग तिथल्याच) पीटमध्ये समुद्राचा हात आहे, तिथे टिंक्चर आयोडीन आणि दवाखान्याच्या पट्टीचा वास येतो. धूर आवडत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर ही आयोडीनची बाजू आवडत नसते.

माळवी_हवा

ताईंचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे लिहितो.

लोक पीपीएमचे (दहा लाखांत किती भाग) आकडे बघून धूर मोजतात: बोमोर साधारण २५, लागावुलिन ३५, लाफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५५. हे आकडे मोड आणलेल्या वाळवलेल्या जवातल्या फिनॉलचे (धुराचा वास देणाऱ्या घटकांचे) आहेत, बाटलीतले नव्हेत. आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन आणि पिंपातली वर्षं यांत त्यातला मोठा भाग निघून जातो. किती राहतं हे स्टिलमधून येणारी धार कुठे तोडली, म्हणजे पिंपासाठी घ्यायची कुठे थांबवली, यावर ठरतं, कारण फिनॉल धारेच्या उत्तरार्धात जास्त येतात.

उत्तम उदाहरण आयलावरच आहे. लागावुलिन आणि कूल ईला दोघांचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, पीटही जवळपास सारखा. तरी कूल ईला १२ हलकी, लिंबाच्या सालीसारखी, राखेच्या धुराची, तर लागावुलिन जाड आणि गोड. फरक स्टिलचा, धारेच्या तोडीचा आणि वयाचा. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. डिस्टिलरी म्हणजे काय ते त्या दोन ग्लासांत कळतं.

नर्मदाकाठ

घरी चाखताना इंदुरात जे बिघडतं ते सांगतो. बाटली चांगली असूनही बैठक फुकट जाते ती या गोष्टींनी.

चकणा. लवंग शेव, रतलामी शेव, हिंगाचं काही, जिरावन टाकलेला गराडू: यातलं एकही चाखण्याच्या वेळी ताटात नको. लवंगेतलं युजेनॉल तेच आहे जे ओकच्या पिंपातून येतं. शेव खाल्ल्यावर प्रत्येक ग्लासात लवंगच लागणार. तिखटाने तोंड आधीच भाजलेलं, त्यावर ४६ टक्के गेलं की फक्त आग. चाखणं संपेपर्यंत कोरा फुलका, बिनमिठाचे मुरमुरे, साधं पाणी. शेव नंतर.

पाणी. नळाला नर्मदेचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन आणि धुराचे फिनॉल एकत्र आले की जंतुनाशकाचा वास उठतो आणि दोष लाफ्रॉइगवर जातो. आरओचं किंवा बाटलीतलं पाणी घ्या, खोलीच्या तापमानाचं.

ग्लास. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास ग्लासात राहतो, कपाटातल्या लाकडाचा आणि डांबरगोळीचाही. एक तास आधी गरम पाण्याने विसळून, उलटे न ठेवता, उघड्यावर सुकवा. तोंड आत वळलेला छोटा ट्यूलिपसारखा ग्लास हवा. रुंद तोंडाच्या ग्लासात वास पसरून जातो, नाकापर्यंत अल्कोहोल तेवढं येतं.

तापमान. एप्रिल-मेमध्ये खोली ३५ अंशांवर असताना चाखू नका, अल्कोहोलची वाफ उसळून बाकी सगळं झाकते. २० ते २२ अंश बरं. पण बाटली फ्रिजमध्ये ठेवणंही चूक, थंडीत वास मिटतो. बर्फ तर घरच्या फ्रीजरचा नकोच, त्याला लसणाचा आणि डिसेंबरात मटाराचा वास लागलेला असतो.

आता कृती. प्रत्येकाला १५ मिली. तिन्ही ग्लास भरून दहा मिनिटं तसेच राहू द्या. ग्लास हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवा आणि नाकाने हळू ओढा, मग वर आणा. एकदम नाक खुपसलं तर नाक बधिर होतं, मग पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. तसं झालं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. पहिला घोट फक्त जीभ ओली करायला, तो मोजू नका. दुसरा तोंडात दहा सेकंद फिरवून गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. शेवटची चव तिथे मिळते.

मग पाणी. बिनसुईची छोटी सिरिंज आणा, अंदाजे ओतू नका. ४३ टक्क्यांच्या १५ मिलीत १ मिली पाणी म्हणजे सुमारे ४० टक्के. ६० टक्क्यांच्या १५ मिलीत ५ मिली म्हणजे ४५. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी गणनेने दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली गेलं की धुराचा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाला जास्त मिळतो. आयलाच्या माल्टला पाण्याचे चार थेंब का घालतात त्याचं कारण हे.

क्रम: हलकी, मग शेरी, शेवटी धूर. आधी लागावुलिन घेतली की त्या संध्याकाळी बॅल्व्हेनीला न्याय मिळत नाही.

रामबागकर

हे छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. सहा जणांना १५ मिली म्हणजे एका बैठकीला बाटलीतून ९० मिली. ७०० मिलीची बाटली सात बैठकींना पुरेल, तीन-चार महिने उघडी राहील. खराब नाही ना होणार? आणि १२ की १८ हे ठरवायला दोघं हट्टाला पेटले आहेत, त्यांचं काय करावं?

पाताळपाणी

हट्टावर उपाय त्रिकोणी चाचणी. तीन ग्लास, दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. भरणारा वेगळा, क्रम कागदावर लिहून झाकलेला. रंगावरून ओळखू नये म्हणून दिवा मंद किंवा ग्लासाला कागद गुंडाळा. चाखणाऱ्याने वेगळा ग्लास दाखवायचा. नशिबाने बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. चार वेळा ओळीने बरोबर आलं तर ८१ मध्ये एक, म्हणजे फरक त्याला खरोखर कळतो. घोट ५ मिलीचे ठेवा, आणि चार फेऱ्या दोन संध्याकाळींत वाटून घ्या, नाहीतर चौथ्या फेरीला जीभ दमलेली असते. १८ ची बाटली घेण्याआधी बारमध्ये ३० मिली मागवून घरच्या १२ शी मनात तुलना करणं फसवं. ग्लास वेगळा, जागा वेगळी, आणि भाव डोळ्यांसमोर.

सुदामानगर_रात्र

उघडी बाटली: अर्ध्याच्या वर भरलेली असेपर्यंत सहा महिने बिनघोर. एक तृतीयांश उरली की आतली हवा जास्त होते आणि वरचे फळांचे वास आधी जातात. तेव्हा उरलेली २०० मिलीच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. बाटली उभीच ठेवायची. वाइनसारखी आडवी ठेवली तर ४० टक्के अल्कोहोल बूच खातं, बूच मोडतं आणि तुकडे आत पडतात. पडलेच तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्या, व्हिस्की ठीक असते. पश्चिमेच्या भिंतीचं कपाट टाळा, मे महिन्यात ते आतून भाजतं, आणि पुठ्ठ्याचा डबा फेकू नका, ऊन अडवायला तोच.

खरेदी करताना: झाकणाच्या पट्टीवरचं अबकारी लेबल शाबूत, आयातदाराचा पत्ता असलेला स्टिकर, बाटलीवर आणि डब्यावर एकच लॉट क्रमांक, आणि बाटली उजेडात तिरकी करून आत गाळ नाही ना ते बघा. रिकामी बाटली भंगारात देताना लेबल फाडून झाकण वेगळं करा. चांगल्या माल्टच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरण्यासाठीच विकत घेतल्या जातात.

परदेशातून येणारा कुणी असेल तर शुल्कमाफीत माणशी २ लिटर आणता येतं. विमानतळावरच्या बाटल्या पुष्कळदा १ लिटरच्या आणि वय न लिहिलेल्या असतात. पाताळपाणींचा हिशोब तिथेही लावा.

जुनी_इंदूरवाली

एक गोष्ट सुटली. शेरीच्या बाटलीत कधी काडेपेटीच्या जळक्या काडीचा किंवा रबराचा वास येतो. रिकामी पिंपं टिकवायला आत गंधक जाळतात, त्याचा अंश राहतो. थोडा असेल तर ग्लास वीस मिनिटं उघडा ठेवल्यावर उडतो. न उडाला तर ती त्या खेपेची खोड आहे, पाणी घालून वाढतेच. काहींना तो वास अजिबात जाणवत नाही, म्हणून सहांतल्या एकाने तक्रार केली तर बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढू नका.

नर्मदाकाठ

स्कॉचचाच धागा आहे, तरी पैशाचा विषय निघालाय म्हणून भारतीय माल्टबद्दल चार ओळी. आयात शुल्क नाही, त्यामुळे त्याच पैशात जास्त टक्के आणि जास्त चांगलं पिंप मिळतं. अमृत फ्यूजन ५० टक्के, त्यात स्कॉटलंडचा धुराचा जवही आहे. पॉल जॉन बोल्ड ४६, गोव्याची, धुराची. इंड्री त्रिनी ४६, बरबन, वाइन आणि शेरी अशी तीन तऱ्हेची पिंपं. वयाचा आकडा शोधू नका. बंगळूरसारख्या हवेत वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास उडतं, पाच वर्षांत पिंप चाळीस टक्के रिकामं होतं. लाकूडही त्याच वेगाने उतरतं.

आणि मंकी शोल्डर किंवा जॉनी वॉकर ग्रीन लेबल १५ यांना 'सिंगल नाही' म्हणून बाजूला सारू नका. दोन्हींत गहू-मक्यासारख्या दुसऱ्या धान्याची व्हिस्की नाही, फक्त अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट आहेत. ग्रीन लेबलमध्ये टॅलिस्कर आणि कूल ईला आहेत, वय १५, ४३ टक्के.

रामबागकर

ठरलं. ग्लेनड्रोनक १२, न मिळाल्यास बॅल्व्हेनी १२. दुसरी हायलंड पार्क १२. तिसरी लागावुलिन १६, आणि १८ चे वाचलेले पैसे तिच्यात. मॅकॅलन यादीतून काढली. सिरिंज आणि सहा ट्यूलिप ग्लास या आठवड्यात आणतो. चाखायचा क्रम: शेरीची, मग हायलंड पार्क, मग लागावुलिन. बरोबर ना?

जुनी_इंदूरवाली

बरोबर. फक्त हायलंड पार्क आणि लागावुलिनच्या मधे पंधरा मिनिटं जाऊ द्या, फुलका आणि पाणी. आणि लागावुलिनचा रिकामा ग्लास लगेच धुवू नका, झाकून ठेवा. सकाळी त्यात राखेचा आणि गुळाचा जो वास राहतो तो घेऊन बघा.